फुकटचं हॉटेल नेमकं कुणाला मिळालं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला टोरंटोतल्या निर्वासितांवरचा लेख वाचला आणि डोकं फिरलं. काल लिहिलं असतं तर भलतंच लिहून गेले असते, म्हणून आज लिहायला बसले. लेखक कॅनडात बरीच वर्षं राहतात असं खाली छापलंय. मीही राहते, टोरंटोच्या स्कारबरो भागात. निवृत्त झाल्यापासून शनिवारी एका चर्चमध्ये नव्याने आलेल्या लोकांना अर्ज भरायला आणि खोल्या शोधायला मदत करते. लेखात जे टोरंटो आहे ते मला कुठे दिसलेलं नाही.

"विमानातून उतरले की हॉटेल, जेवण, वर हातखर्चाला पैसे," असं त्यांनी ठोकून दिलंय. २०२३ च्या जूनमध्ये याच शहराने, आमच्याकडे जागा नाही, केंद्र सरकारकडे जा, असं सांगून या लोकांना निवाऱ्यांच्या दारातून परत पाठवायला सुरुवात केली. निवाऱ्यात जागा मागायला जिथे जावं लागतं त्या पीटर स्ट्रीटवरच्या १२९ नंबरच्या इमारतीबाहेर माणसं फुटपाथवर झोपत होती. त्यांना उचलून आत घेतलं ते नॉर्थ यॉर्कमधल्या आफ्रिकन समाजाच्या चर्चनी. केंद्राने देशभरासाठी २१.२ कोटी डॉलर जाहीर केले, त्यातले ९.७ कोटी टोरंटोला, ते जुलैच्या मध्यावर. लेखक तेव्हा इथेच असतील ना? मग त्यातलं एक वाक्य तरी लेखात यायला हवं होतं.

हॉटेलं आहेत, नाही असं मी म्हणत नाही. शहराने काही हॉटेलं भाड्याने घेऊन त्यांचे निवारे केलेत. पण तिथली खोली म्हणजे संसार नव्हे. आणि पैशांचं म्हणाल तर एकट्या माणसाला सरकारी मदत महिना जास्तीत जास्त ७३३ डॉलर, त्यातले घरभाड्यासाठी ३९०. आई आणि एक मूल असेल तर भाड्यापोटी ६४२ पर्यंत. या शहरात एका बेडरूमच्या घराला दोन हजारांच्या वर मोजावे लागतात, हे लेखकांना ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आता जे सांगायचंय ते सांगते. गेल्या हिवाळ्यात युगांडाहून आलेल्या एका बाईंना आणि त्यांच्या मुलाला घेऊन मी एक बेसमेंट बघायला गेले होते. घर मराठी कुटुंबाचं. मंडळाच्या गणपतीत आरतीला पुढे असणारी माणसं, म्हणून मीच हौसेने ठरवलं होतं. बाजूने स्वतंत्र दार, स्वतंत्र स्वयंपाकघर, नवीन टाकलेली फरशी, भिंतीला रंगाचा वास. मुलाने कुणी न सांगता बूट काढले आणि दाराशी नीट जोडीने ठेवले. बाई शेगडीची बटणं बघत होत्या. चारही चालतात का, एवढंच त्यांनी विचारलं. कित्येक महिने त्यांनी स्वतःच्या हाताने काही शिजवलं नव्हतं.

मालकांनी पासपोर्ट मागितला. बाईंनी प्लास्टिकच्या पाकिटातून कागद काढला. निर्वासित म्हणून आश्रय मागणारा दावा दाखल करून घेतला की सरकार हा कागद देतं, वर फोटो असतो, सरकारी आरोग्य योजनाही त्यावरच चालते. मालकांनी तो उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, "हे काय? पासपोर्ट कुठाय?" पासपोर्ट दावा करतानाच अधिकारी काढून घेतात. ते मी समजावून सांगितलं. मग क्रेडिट स्कोअर मागितला. देशात येऊन जेमतेम वर्ष झालेल्या बाईकडे तो कुठून असणार? मग नोकरीचं पत्र. ते होतं. वर्क परमिट आल्यापासून त्या एका वृद्धाश्रमाच्या सफाईत कामाला होत्या, पत्रावर पगाराचा आकडा होता. तर म्हणाले, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ द्या. मी म्हटलं, मी जामीन राहते. त्यावर त्यांच्या पत्नी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काकू, तुम्ही कशाला यांच्या नादी लागता? आमच्या घरात देवधर्म असतो. यांच्या स्वयंपाकाचा वास वरपर्यंत येणार. आणि उद्या यांची माणसं गोळा झाली म्हणजे?"

बोलणं मराठीत झालं, पण बाईंना ते कळलं. त्यांनी मुलाला बूट घालायला सांगितलं.

त्या घरात मी पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही. लेखात "आपल्यासारखे कर भरणारे" असं जे वारंवार आलंय, ते वाचताना मला सारखी ही दोघं नवराबायको दिसत होती. यांना मोकळं कोण सोडतं? टोरंटो ज्या प्रांतात येतं त्या ऑन्टॅरिओत २००६ चा भाडेकरू कायदा आहे. पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं अनामत म्हणून, याच्या पलीकडे आगाऊ भाडं मागता येत नाही. भाडेकरू कुठल्या देशातून आला, सरकारी मदत घेतो का, यावरून घर नाकारणं मानवाधिकार संहितेच्या विरुद्ध आहे. क्रेडिटची नोंदच नसेल तर ती माणसाच्या विरोधात धरू नये, असं इथल्या मानवाधिकार आयोगाचं धोरण सांगतं. पण तक्रार करायची कुणी? जिचा स्वतःचा खटला अजून निर्वासितांचे दावे तपासणाऱ्या बोर्डापुढे उभा राहायचाय तिने?

बाकी मदतीचीही तीच तऱ्हा. केंद्राच्या पैशावर चालणारे इंग्रजीचे वर्ग, स्थिरस्थावर व्हायला मदत करणारी केंद्रं, हे सगळं दावा मंजूर झाल्यावर. सुनावणीला कधी काही महिने, कधी वर्षं जातात. म्हणजे मदतीची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ते दार बंद. प्रांताच्या पैशावरची काही केंद्रं, एफसीजे रेफ्युजी सेंटर किंवा रोमेरो हाउससारख्या संस्था आणि चर्च, यांच्यावर सगळा भार.

"निम्मे दावे खोटेच असतात" हे वाक्य कशाच्या आधारावर छापलंत? खरं-खोटं ठरवायला बोर्ड आहे. दावेदाराला समोर बसवून त्याचं ऐकून घेतलंच पाहिजे, हे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सिंग खटल्यात सांगितलं, आणि तो खटला लढवणाऱ्यांतले बहुतेक आपल्याच देशातून गेलेले होते. निकाल लागेपर्यंत त्यांनी थंडीत झोपावं असं लेखकांना वाटतं का? वाटत असेल तर तसं स्पष्ट लिहावं.

मी मूळची कोल्हापूरची. १९४३ पासून पाच वर्षं आमच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांना राहायला खोल्या होत्या, मुलांना शाळा होती, दवाखाना होता, प्रार्थनेला चर्च होतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सॉत कोल्हापूरच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं तेव्हा आपल्या सगळ्यांचीच छाती फुगली, माझीही. त्या पाच हजारांकडे कुणी सहा महिन्यांचं आगाऊ भाडं मागितलं नव्हतं. टोरंटोत, ब्रॅम्प्टनमध्ये, मिसिसागात ज्या मराठी माणसांची बेसमेंट रिकामी आहेत त्यांनी हे पत्र वाचलं तर एक करावं. पुढच्या वेळी असा कागद घेऊन कुणी दाराशी आलं तर पहिलं आणि शेवटचं भाडं घ्या आणि किल्ली द्या. त्या बाईंना शेवटी खोली मिळाली ती एका वयस्क जमैकन बाईंकडे. मुलाची शाळा मात्र बदलली, आणि कुठे जरा मित्र झाले होते ते सुटले.

आणखी एक. लेखासोबत फुटपाथवर झोपलेल्या लोकांचा जो फोटो तुम्ही छापलाय त्यात तिघांचे चेहरे स्वच्छ ओळखू येतात. ही माणसं कुणाला तरी घाबरून घर सोडून आली आहेत. त्यांच्या मागे गावात आईवडील आहेत, कधी मुलंही आहेत. फोटो इंटरनेटवर गेला की तो युगांडाच्या राजधानीत, कंपालाला, पोचायला किती वेळ लागतो? एरवी तुम्ही साध्या किरकोळ गुन्ह्यातल्या आरोपीचाही चेहरा झाकता.

माझं पत्र जागेअभावी छापता आलं नाही तरी चालेल. तो फोटो मात्र तुमच्या संकेतस्थळावरून आजच्या आज काढा.

आपली,
एक वाचक, स्कारबरो (टोरंटो)