मणक्याच्या ऑपरेशनची भीती

संपादक महोदय,
माझ्या मोठ्या भावाची कंबरेतली एल ४-एल ५ ची (चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली) गादी सरकून नस दबली होती, कळ पार पायाच्या अंगठ्यापर्यंत, पण घरात सगळे म्हणायचे मणक्याला हात लावला की माणूस लुळा पडतो, त्या भीतीत फार दिवस गेले. शेवटी २ सेंटिमीटरची चीर, स्नायू न कापता बाजूला सारून आत घातलेल्या नळीतून गादीचा सरकलेला तुकडा काढला, दुसऱ्या दिवशी दादा चालला! सगळ्यांना ऑपरेशन लागतंच असं नाही हो, बऱ्याच जणांना गोळ्या-व्यायामाने ६ आठवड्यांत आराम पडतो. पण पायातली ताकद जायला लागली, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, एवढं तरी आरोग्य पानावर ठळक छापा ना.
– एक वाचक, सातारा