मॅमोग्राफीला जाताना काखेतला फुगवटाही दाखवावा

ती. आई व ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

कापसाची वेचणी आटोपली की जळगावला जाऊन मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची एक्स-रे तपासणी, करून घेण्यास आई तयार झाली, हे ऐकून फार बरे वाटले. मात्र फोनवर हा विषय निघाला की आई संकोचते, म्हणून सविस्तर लिहिते.

आई, तुझ्या उजव्या काखेतला फुगवटा माझ्या जन्माच्या वेळी दूध उतरताना ताठून दुखायचा आणि ब्लाउजची बाही तिथे काचते म्हणून तू आजही शिंपिणीला सैल शिवायला सांगतेस. आपण त्याला चरबीची गाठ म्हणत आलो. पण बाळंतपणात अशी फुगणारी गाठ बहुधा स्तनाच्याच पेशींची असते. गर्भावस्थेत काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना दुग्धरेषा तयार होते आणि छातीवरचा भाग सोडून ती पुढे विरून जाते. जिथे ती पुरती विरत नाही तिथे, बहुतेकदा काखेत, असा जादा भाग उरतो. हा काही आजार नव्हे, कित्येक बायकांना तो असतो. परंतु स्तनाला जो कर्करोग होतो तो इथेही होऊ शकतो. स्तनाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण 1 टक्क्याहूनही कमी आहे, तरी मला त्याची धास्ती वाटते ती एवढ्यासाठी की चरबीची किंवा साधी गाठ समजून त्याकडे दुर्लक्ष होते आणि निदानाला उशीर होतो.

मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूची दोन चित्रे घेतात, एक वरून आणि एक तिरपे. काखेचा भाग तिरप्या चित्रातच येतो, आणि फुगवटा जरा वर असेल तर त्यातूनही निसटतो. म्हणून यंत्रापुढे उभी राहण्याआधीच हात वर करून ती जागा तिथल्या बाईंना दाखव. त्या जादा चित्र घेतील किंवा डॉक्टर सोनोग्राफी सांगतील. त्या दिवशी काखेत पावडर लावू नकोस, कारण तिचे कण चित्रात कॅल्शियमच्या संशयास्पद पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात.

बाबा, रिपोर्टमध्ये काखेचा उल्लेख आहे का, ते तिथेच वाचून पाहा. सुईने तुकडा काढून तपासायला सांगितले तर घाबरून परत येऊ नका, मला लगेच कळवा. मी निघून येईन. रिपोर्टबरोबर फिल्मही मागून घ्या, पुढच्या तपासणीत तुलनेला ती लागते.

आपली,
माई