रांजणातला रुपया

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

शिवनेरीत बसल्यावर खिडकीतून हात केला नाहीस. डबाही ओट्यावरच राहिला. संध्याकाळी बाबांनी त्यातल्या पोळ्या काढून खाल्ल्या, एक अक्षर न बोलता.

तू टेबलावर आपटून गेलीस तो प्रकाशकाचा करारनामा रात्री दोनदा वाचला. तुझी कादंबरी तर मंगळवारीच वाचून संपवली होती, पण भांडणात ते सांगायचंच राहिलं. आता नोकरीच्या राजीनाम्याबद्दल चकार शब्द लिहायचा नाही असं ठरवून बसले आहे. फक्त करार आणि कादंबरी.

सही करू नकोस, हे आधी. 'लेखकाचा सहभाग' ९५,००० रुपये, प्रती ३००, छापील किंमत ३२०. भागाकार कर. प्रतीमागे ३१६ रुपये आणि वर काही पैसे. म्हणजे पुस्तक दुकानात जायच्या आधीच त्याची जवळजवळ पूर्ण किंमत तुझ्याकडून वसूल. मग ते विकायची तगमग कुणाला असणार? वितरकाकडे फेऱ्या मारायच्या, ग्रंथालयांच्या यादीत घालायचं, परीक्षणाला प्रती पाठवायच्या, ही सगळी कामं प्रकाशकाचा पैसा अडकलेला असला की होतात.

परिशिष्टातले दोन आकडे बघ. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५०० लावलेत. आपल्याकडे तो क्रमांक राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकट मिळतो. कॉपीराइट नोंदणीचे ६,०००. साहित्यकृतीसाठी सरकारी शुल्क आहे ५०० रुपये, आणि नोंदणी सक्तीची नाहीच. लिहिलंस तेव्हाच हक्क तुझा झाला. इथे जो हात मारतो तो पुढे रॉयल्टीचा हिशेब सरळ देईल का?

आणि कलम ७. 'सर्व भाषा, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी.' १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ असं आहे की हक्क देताना मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे करारात काही न लिहिणंसुद्धा तुला परवडलं असतं! त्यांनी मुद्दाम लिहिलंय. तू एवढंच द्यायचं: मराठी छापील आवृत्तीचा हक्क, पाच वर्षं. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट तुझ्याकडे. प्रती संपल्यावर सहा महिन्यांत नवी आवृत्ती काढली नाही तर हक्क आपोआप परत. कादंबरीच्या पुढच्या दोन भागांवरचा त्यांचा 'प्रथम अधिकार' खोडायचा.

'निव्वळ नफ्याच्या ४० टक्के' वाचून तू हरखलीस. नफा ठरवणार कोण? खर्चाची वही त्यांच्याकडे. त्यापेक्षा छापील किमतीवर १० टक्के बरे. ३२० च्या पुस्तकामागे ३२ रुपये, हजारची आवृत्ती पूर्ण खपली तर ३२,०००. तेही एका दमात येत नाहीत, दोन-तीन वर्षं लागतात. तुझं ठाण्याचं भाडं महिन्याला बावीस हजार आहे.

झालं, आलेच मी राजीनाम्यावर. माफ कर.

आता कादंबरी. १,०४,००० शब्द आहेत. डेमी आकारात मोकळं, वाचायला सुखाचं पान धरलं तर पानाला तीनशे शब्द. म्हणजे साधारण ३५० पानं, सोळा पानी फॉर्म (एकत्र छापून दुमडायचा ताव) धरलास तर बावीस फॉर्म. ही मंडळी २४० पानांत बसवतो म्हणताहेत. पानाला ४३० शब्द कोंबल्यावर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात, आणि तेरा वर्षांचं पोर तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतं. शब्दच कमी कर. पासष्ट हजारांवर आण, २१६ पानं होतील, साडेतेरा फॉर्म. कुठून कापायचं ते पेन्सिलनं दाखवलंय. पहिली अकरा पानं देवराईचा इतिहास आहे, ती सगळी काढ. गोष्ट बाराव्या पानावर सुरू होते, जिथे वारणा बारवेत उतरते आणि खालून तिला तिच्याच नावाने हाक येते. तिथे माझ्या अंगावर काटा आला. इतिहासातलं जे खरंच लागतं ते चार वाक्यांचं आहे, ते आजोबांच्या तोंडी घाल.

वारणा, वसुधा, वैजू, वाघोजी. चौघांची नावं व वरून. तूच गोंधळली आहेस, पान ८८ वर वसुधा मेलेली असून बोलते.

सहाव्या प्रकरणात वारणा अमावस्येला घर सोडते आणि चौथ्या रात्री, मध्यरात्री, चांदण्यात देवराई बघते. शुद्ध चतुर्थीचा चंद्र नऊ-साडेनऊला मावळतो गं! एक तर अंधार ठेव (मला तोच आवडेल, पाण्यातल्या आसरांना अंधारच शोभतो), नाहीतर दशमीपर्यंत तिला वाटेत अडव. आणि घाटाच्या पायऱ्यांवर घोडा चौखूर उधळू देऊ नकोस. अद्भुत गोष्टीत वाचक आसरा मान्य करतो, वेताळ मान्य करतो, पण चंद्र आणि घोडा चुकला की त्याचा सगळ्यावरचाच विश्वास उडतो.

सगळ्यात मोठी चूक एकोणिसाव्या प्रकरणात. तुझा नियम काय? घाटाच्या रांजणात जकात टाकल्याशिवाय शक्ती चालत नाही, आणि जकात म्हणजे स्वतःची एक आठवण. फार सुंदर नियम आहे. पण एकोणिसाव्यात ती नदीचा लोंढा अडवते आणि काहीच देत नाही. जकात कुठाय? एवढ्या मोठ्या कामाला मोठीच आठवण जायला हवी, आणि ती वाचकालाही प्रिय झालेली हवी. आजोबांचा आवाज जाऊ दे तिच्याकडून. तिसऱ्या प्रकरणात ते खोकून मग हाक मारतात ना, तो खोकला आपल्या नानांचा आहे. मला पुस्तक खाली ठेवावं लागलं.

रांजण कुठून आला तेही कळलं मला. आठ वर्षांची होतीस, नाणेघाटात. बाबांनी सांगितलं की व्यापारी यात जकातीची नाणी टाकायचे, तर तू हट्टानं रुपया मागून घेतलास आणि टाकलास. जुन्नर येईपर्यंत तीनदा विचारलंस, एका रुपयात चौघांचं झालं ना? नाना म्हणाले, माझं झालं नाही, मी इथेच राहतो. तू रडून गाडी डोक्यावर घेतलीस.

काय सांगत होते? हां, तीन भाग. मराठीत कुमारांसाठी तीन भाग एकदम घ्यायला प्रकाशक कचरतात, कारण पहिला पडला तर उरलेले दोन गळ्यात. पहिला भाग स्वतःच्या पायावर उभा कर. शेवटी एखादी वाट उघडी राहिली तर राहू दे, पण लोंढ्याची गोष्ट तिथेच संपायला हवी. त्यासाठी दुसरा-तिसरा भाग आत्ताच लिहायला नोकरी सोडायची... नाही, लिहीत नाही.

पाठवायचं कसं ते ऐक. मराठीत मध्ये एजंट लागत नाही, थेट संपादकाला लिहायचं. पत्र एक पान: वयोगट १२ ते १६, शब्दसंख्या, चार ओळींत गोष्ट, स्वतंत्र वाचता येते हे स्पष्ट. 'मैत्रिणींना फार आवडली' हे वाक्य नको. सोबत दोन पानी गोषवारा, शेवटासकट. शेवट लपवला तर संपादक चिडतो, त्याला गोष्ट मिटते का हेच बघायचं असतं. मग पहिली तीन प्रकरणं. पूर्ण संहिता त्यांनी मागितल्यावर. युनिकोडमध्येच टाइप कर. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलं की ऱ्याचा र्या होतो, तुझ्या फाइलीत सात ठिकाणी सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या झालाय. कुमार साहित्य खरोखर काढणारे तीन-चारच निवड, त्यांची गेल्या दोन वर्षांची पुस्तकं आधी वाच. गणपती ते दिवाळी पाठवू नकोस, सगळे धावपळीत असतात. तीन महिन्यांनी एक आठवणीचा मेल, मग गप्प. दोघांकडे एकाच वेळी दिलंस तर दोघांनाही तसं कळव.

दरम्यान बारवेच्या त्या प्रसंगाची सुटी कथा करून 'किशोर'ला धाड. बालभारतीचं मासिक आहे, १९७१ पासून निघतंय, पोरांच्या हातात जातं. छापून आली तर पत्रात एक ओळ लिहिता येईल, आणि नाही आली तरी गोष्ट आटोपशीर करायचा हात बसेल.

फार झालं. तू माझी मुलगी आहेस, शिकाऊ लेखिका नव्हेस, हे मी विसरते. पण खरं सांगते, दुसऱ्या कुणाची संहिता असती तर मी इतक्या पेन्सिली झिजवल्या नसत्या. आत्याला फोनवर बारवेचं पान वाचून दाखवलं. ती म्हणाली, हिला हे सुचतं कुठून. मी म्हटलं, नानांकडून. खरं तर मला माहीत नाही.

खुणा केलेली संहिता उद्या कुरिअरनं निघेल. पान १४२ वरचा डाग चहाचा आहे, बाबांचा. तेही वाचताहेत, तुला सांगू नको म्हणाले.

तुझी,
आई

ता. क. नोटीस पीरियड दोन महिन्यांचा आहे की तीन? बाबा विचारताहेत.