राजदूत परतले, पण व्यापार वर्षभर अडकलेलाच

संपादक महोदय,

युरोप आणि उत्तर आफ्रिकेतल्या देशांचे बिनसले की आपल्याकडे 'संबंध तोडले' असा मथळा सर्रास दिला जातो. २०२२ च्या स्पेन-अल्जीरिया वादात संबंध तुटलेच नव्हते. अल्जीरियाने ते तोडले होते मोरोक्कोशी, ऑगस्ट २०२१ मध्ये. स्पेनमधून फक्त राजदूत माघारी बोलावला गेला.

निमित्त होते पश्चिम सहाराचे. स्पेनने १९७६ मध्ये सोडलेल्या या वसाहतीवर मोरोक्को हक्क सांगतो, तर अल्जीरिया तिच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ संघटनेच्या पाठीशी उभा आहे. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी मोरोक्कोच्या राजाला पत्र लिहून पश्चिम सहाराला मोरोक्कोअंतर्गत स्वायत्तता देण्याच्या त्यांच्या २००७ च्या प्रस्तावाला पाठिंबा दिला. त्यावर अल्जीरियाने आधी राजदूत परत बोलावला आणि ८ जूनला २००२ चा मैत्री करार स्थगित केला.

खरा घाव मात्र बँकांमार्फत बसला. अल्जीरियात आयातदाराला प्रत्येक व्यवहार आधी आपल्या बँकेत नोंदवावा लागतो. ती नोंद नसेल तर परकीय चलन मिळत नाही आणि बंदरात आलेला माल कस्टममधून सुटत नाही. बँकांच्या संघटनेने स्पेनच्या व्यवहारांची ही नोंदणीच थांबवायला सांगितले. जकात वाढली नाही, बंदीचा कायदाही झाला नाही, तरी २०२१ मध्ये सुमारे १९० कोटी युरोंची असलेली स्पेनची निर्यात २०२३ मध्ये ३३ कोटींच्या आसपास आली. स्पेनच्या कास्तेयोन प्रांतातल्या, टाइल्ससाठी ग्लेझ (चकाकीचा लेप) बनवणाऱ्या कारखान्यांचा या वादाशी काडीचाही संबंध नव्हता, पण त्यांना मोठी झळ बसली. युरोपीय महासंघाने आक्षेप घेतला, तेव्हा अल्जीरियाने आपण व्यापार रोखल्याचेच नाकारले. लेखी बंदीच नसेल तर दाद मागायची कशाविरुद्ध? या मार्गाची मेख नेमकी इथेच आहे.

गॅस मात्र बंद झाला नाही. मोरोक्कोतून स्पेनला जाणारी गॅसवाहिनी अल्जीरियाने ऑक्टोबर २०२१ अखेर आधीच बंद केली होती. उरली अल्जीरियातल्या बेनी साफपासून स्पेनमधल्या अल्मेरियापर्यंतची समुद्राखालची मेडगाझ वाहिनी, आणि तिच्यात ५१ टक्के वाटा अल्जीरियाच्याच सरकारी कंपनीचा, सोनात्राकचा आहे. दीर्घ मुदतीचा करार मोडला असता तर प्रकरण लवादात गेले असते आणि इटलीसारखे ग्राहकही बिचकले असते. म्हणून अल्जीरियाने दर वाढवून घेतला आणि आपला गॅस स्पेनने मोरोक्कोकडे वळवल्यास करार रद्द करू, अशी ताकीद दिली. पुढे स्पेन जुन्या वाहिनीतून उलट्या दिशेने मोरोक्कोला गॅस देऊ लागला, पण तो मोरोक्कोने जागतिक बाजारातून घेतलेला एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) होता. तो अल्जीरियाचा नाही याची खातरजमा स्पेनला करावी लागली.

राजदूत नोव्हेंबर २०२३ मध्ये परतले. बँकांची अडवणूक सुटायला नोव्हेंबर २०२४ उजाडला. एवढे होऊनही स्पेनने सहाराबाबतची भूमिका बदललेली नाही. अशा बातम्या देताना दूतावास चालू आहे का, कोणता करार थांबला आणि बँकांना काय आदेश गेले, एवढे तरी छापावे, ही विनंती.

— एक वाचक, पुणे