रिकामी वीट

प्रिय मंजू,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. ‘देव मानत नाही, मग हा माणूस स्तुती कुणाची करतोय?’ या तुझ्या प्रश्नानं उत्तर लांबलं.

पाउल सेलान या जर्मनमध्ये लिहिणाऱ्या ज्यू कवीच्या १९६३ च्या संग्रहातली ती ‘स्तोत्र’ कविता पुन्हा काढली. मातीतून आपल्याला पुन्हा कुणीच मळणार नाही, म्हणतो, आणि लगेच त्या ‘कुणीच नाही’चाच जयजयकार! आपली जनाबाई विठ्ठलाला शिव्या घालते, पण तो विटेवर उभा असतो, ऐकत असतो. इथं वीटच रिकामी. नाझींच्या छावणीत सेलानचे आईवडील दोघंही गेले, तेव्हा हा कडवटपणाच, असं मी धरून चालले होते.

मग कबालातलं, म्हणजे ज्यूंच्या गूढविद्येतलं, ‘त्सिमत्सुम’ (आवरून घेणं) वाचलं. सोळाव्या शतकात, आजच्या इस्रायलमधल्या त्स्फात गावी, इसाक लुरियानं मांडलेलं. सगळीकडे देवच भरलेला, मग जग मावणार कुठं? म्हणून तो स्वतःला आवरून घेतो, मागे सरतो; त्या पोकळीत जग निर्माण होतं. पुढे प्रकाश झेलणारी भांडीच फुटतात, ठिणग्या विखुरतात. आणि देवाला कबालात ‘आयिन’ही म्हणतात, म्हणजे ‘नाही’. सेलान कबालाचा अभ्यासक गेर्शोम शोलेमची पुस्तकं वाचायचा, त्यामुळे हे त्याला ठाऊक होतंच.

तरी ही किल्ली लावली की कुलूप उघडलं, असं नको म्हणूस. तसं केलं तर त्याच्या आईचा मृत्यूही देवाच्या आवरून घेण्यात जमा होतो. ते मला सोसत नाही.

त्यापेक्षा सेलानची झुरिकमधली भेट बघ. २६ मे १९६०, श्टोर्खेन हॉटेल. समोर ज्यू जर्मन कवयित्री नेली झाक्स, त्याच्याहून एकोणतीस वर्षांनी मोठी, १९४० मध्ये बर्लिनहून आईला घेऊन स्वीडनला निसटलेली. तिची श्रद्धा शाबूत. ‘तुझ्या देवाबद्दल बोललो, मी त्याच्याविरुद्ध बोललो,’ असं तो त्या भेटीवरच्या कवितेत सांगतो. पलीकडच्या चर्चचं सोनं पाण्यावरून त्यांच्याकडे आलं, हेही. शेवटी कुणीच जिंकत नाही: काय खरं धरायचं ते आपल्याला कळतच नाही, इतकंच.

१९७० च्या एप्रिलमध्ये त्यानं सेन नदीत जीव दिला. १२ मेला त्याला पुरलं, आणि त्याच दिवशी स्टॉकहोममध्ये ती गेली. यात अर्थ शोधायचा मोह होतो, मी आवरतेय.

दिवाळीत येशील ना? मूळ जर्मन मोठ्यानं वाचून दाखव. माझा उच्चार तुला माहीतच आहे.

तुझी,
शैला