डोपामाइन, हृदय आणि घाईचे निष्कर्ष

महोदय,

मेंदूतील ‘आनंदाचे रसायन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या डोपामाइनच्या विघटनातून तयार होणाऱ्या घटकाचा हृदयधमनीविकाराशी संबंध जोडणाऱ्या संशोधनाची बातमी वाचली. विषय मोलाचा आहे, पण ‘आनंदाचे रसायन हृदयाच्या मुळावर’ अशा थाटाची मांडणी खटकली.

डोपामाइन फक्त मेंदूत नसते. आतडी, मूत्रपिंडे आणि अनुकंपी (हृदयाचे ठोके, रक्तदाब वाढवणाऱ्या) चेतातंतूंतही ते तयार होते, आणि मूत्रपिंडात तर ते सोडियम बाहेर टाकायला मदत करते. त्याचे विघटन होऊन शेवटी होमोव्हॅनिलिक आम्ल उरते आणि ते लघवीवाटे जाते. म्हणजे रक्तात हे आम्ल वाढले, तर मेंदूत काही बिनसले असे म्हणता येत नाही. मूत्रपिंडे मंदावली तरी ते साचू शकते. मूत्रपिंडाचा विकार हा हृदयरोगाचा स्वतंत्र धोका आहेच. मग कारण कोणते आणि खूण कोणती? बातमीत हा प्रश्नच नव्हता.

होमोसिस्टीन या रक्तातील अमिनो आम्लाचे उदाहरण फार जुने नाही. हृदयरोग्यांत ते वाढलेले आढळले, म्हणून ब जीवनसत्त्वांनी ते उतरवून पाहिले. पातळी उतरली, हृदयविकाराचे झटके मात्र कमी झाले नाहीत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांचा निष्कर्ष हाच होता.

संशोधकांना दोष नाही. ते बहुधा ‘संबंध’ एवढेच म्हणतात, ‘कारण’ हा शब्द मथळ्यात चिकटतो. (आणि मग सुखाचे मोह काही काळ टाळून डोपामाइन ‘उतरवा’ म्हणणाऱ्या ‘डोपामाइन डिटॉक्स’वाल्यांचे फावते.) अशा बातमीत किती जणांचा अभ्यास, किती वर्षे आणि मूत्रपिंडांचे कार्य हिशेबात धरले होते का, एवढे तरी छापावे.

– एक वाचक