‘बिग पिंपिन’मधले दोन आवाज पोर्ट आर्थरचे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील हिप-हॉपवरचा लेख आवडीने वाचला. मात्र ‘बिग पिंपिन’ हे 2000 साली गाजलेले गाणे त्यात न्यूयॉर्कच्या रॅपचा नमुना म्हणून दिले आहे, ते पटले नाही. गाणे न्यूयॉर्कचे रॅपर जे-झी यांच्या नावावर आहे हे खरे. पण त्यातले उरलेले दोन्ही आवाज टेक्सासमधल्या पोर्ट आर्थरचे आहेत, संगीत व्हर्जिनियाच्या टिंबालँड यांचे आहे आणि मूळ धून तर इजिप्तच्या एका जुन्या गाण्यातून उचललेली आहे. म्हणजे न्यूयॉर्कच्या वाट्याला एकच माणूस येतो.

ते दोन आवाज म्हणजे बन बी आणि पिंप सी, अर्थात ‘यूजीके’ (अंडरग्राउंड किंग्ज) ही जोडी. 2006 ते 2009 या काळात कंपनीच्या कामानिमित्त मी ह्यूस्टनला होतो आणि महिन्यातून एकदोनदा दीडशे किलोमीटर गाडी हाकत पोर्ट आर्थरच्या रिफायनरीत जावे लागे. ज्याची नोकरी चेंबूर-माहुलच्या रिफायनऱ्यांत झाली, त्याला ते गाव परके वाटत नाही. रात्रभर पेटलेला फ्लेअर (जादा वायू जाळणारी चिमणी), कपड्यांत मुरलेला गंधकाचा वास आणि कुंपणाला खेटून असलेली बैठी घरे, सगळे ओळखीचेच. यूजीकेची गाणी मी पहिल्यांदा ऐकली तीही तिथल्या एका शिफ्ट सुपरवायझरच्या पिकअपमध्ये, घासून घासून आवाज बसलेल्या कॅसेटवर. ताल संथ, खाली जड बेस, वर चर्चमध्ये वाजावा तसा ऑर्गन आणि त्यावर बन बी यांचा खर्जातला, एकही अक्षर न गिळणारा आवाज.

त्यांचा पहिला अल्बम 1992 चा. 1996 साली आलेल्या ‘रायडिंग डर्टी’चा एकही व्हिडिओ निघाला नव्हता, तरीही त्याला पाच लाख प्रतींचे ‘गोल्ड’ मानांकन मिळाले, ते मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतल्या श्रोत्यांच्या जिवावर. मला स्वतःला मोलाचा वाटतो तो पुढचा काळ. 2002 च्या सुरुवातीला पिंप सी तुरुंगात गेले आणि 2005 च्या डिसेंबरअखेर सुटले. जोडीतला एक आत गेला की दुसऱ्याने नवा साथीदार शोधावा किंवा गप्प बसावा, हीच या धंद्याची रीत. बन बी मात्र ती चार वर्षे मिळेल त्याच्या गाण्यात एखादे कडवे म्हणत राहिले आणि जाईल तिथे मित्राच्या सुटकेची मागणी करत राहिले. त्यांचा पहिला एकट्याचा अल्बमही 2005 चाच, नाव ‘ट्रिल’. ‘ट्रू’ आणि ‘रिअल’ यांची सांधेजोड करून झालेला हा शब्द त्याच भागातला. आपला ‘अस्सल’ त्याच्या बराच जवळ जातो.

ऑगस्ट 2007 मध्ये या जोडीचा अल्बम बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याच वर्षी 4 डिसेंबरला पिंप सी लॉस एंजेलिसजवळच्या एका हॉटेलात मृतावस्थेत आढळले. वय 33. खोकल्याच्या औषधातले कोडीन आणि झोपेत श्वास अडण्याचा विकार ही कारणे शवविच्छेदनात पुढे आली. ज्या औषधाच्या नशेचे गोडवे दक्षिणेतल्या रॅपने गायले, त्यानेच हा घास घेतला, हे झाकण्यात अर्थ नाही. गाण्यांतली बायकांविषयीची भाषाही घरात मोठ्याने लावण्याजोगी नाही. ती बातमी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रिफायनरीच्या कॅन्टीनमध्ये एरवी आरडाओरडा करणारी मंडळी समोरच्या ताटात पाहत मुकाट जेवत होती, एवढे आठवते.

बन बी यांनी 2011 मध्ये राइस विद्यापीठात एका प्राध्यापकांसोबत धर्म आणि हिप-हॉप हा विषय शिकवला आणि 2022 साली ह्यूस्टनच्या प्रसिद्ध रोडिओत, म्हणजे गुराख्यांच्या कसरतींच्या मेळ्यात, मुख्य कार्यक्रम केला. आता तिथे त्यांचे बर्गरचे दुकानही आहे. मी शाकाहारी असल्याने त्यावर मत देत नाही.

लेखमालेचा पुढचा भाग लॉस एंजेलिसवर असल्याचे आपण जाहीर केले आहे. तो जरूर यावा, पण त्याआधी एखादा रविवार दक्षिणेतल्या ह्यूस्टन, अटलांटा आणि न्यू ऑर्लिन्सला द्यावा आणि ते जमत नसेल तर निदान दुरुस्ती म्हणून त्या गाण्यापुढे तिन्ही गायकांची नावे छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चेंबूर